स्मरणाचा शेजारधर्म

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून आलेला मराठी माणूस आपल्याबरोबर बरेच काही घेऊन येतो. देव्हारा येतो, ज्ञानेश्वरी येते, पुरणयंत्र येते. वर्षा-दोन वर्षांत मंडळ स्थापन होते, भाद्रपदात गणपती बसतो, दिवाळी अंकांची वर्गणी जमू लागते. आणि परमुलूख हळूहळू राहण्याजोगा होतो. परंतु बदलीच्या सामानात एक वस्तू कधीच बसत नाही, ती म्हणजे गावच्या वेशीवरचा वीरगळ. तो जेथे उभा तेथेच राहतो. त्यावर कोरलेला वीर कोण, तो कोणत्या लढाईत पडला, हे गावात बहुधा कोणासच सांगता येत नाही. तरी सणावाराला त्या दगडास शेंदूर लागतो, त्याच्यापुढे नारळ फुटतो. या गावासाठी कोणी तरी एकदा मेला होता, एवढी जाणीव त्या दगडाने शेकडो वर्षे जागती ठेवलेली असते.

आपला वीरगळ मागे राहतो, हे एक. आणि ज्या गावी येऊन आपण राहतो तेथील वीरांची आपल्याला ओळख नसते, हे दुसरे. पहिल्याची खंत आपण पुष्कळ करतो. दुसऱ्याचा विचार मात्र फारसा होत नाही. तो येथे करावा असा आमचा हेतू आहे. प्रश्न साधा आहे. जे आपल्या रक्ताचे नाहीत, आपल्या भाषेचे नाहीत, ज्यांच्या गावी आपण केवळ सरकारी हुकुमाने येऊन राहिलो आहोत, त्या गावातून जाऊन रणात पडलेल्या माणसांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे काय? की ते ज्याचे त्याने करावे?

गाझियाबाद हे आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी दिल्लीचे एक उपनगर. सकाळी येथून निघावे, दिवेलागणीनंतर परतावे, आणि बदलीचा हुकूम आला की निरोप घ्यावा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. १९७६ च्या नोव्हेंबरात हे जिल्ह्याचे ठिकाण झाले; त्यापूर्वी ते मेरठ जिल्ह्यात मोडत असे. या जिल्ह्यात मोदीनगरच्या बाजूस फतेहपूर नावाचे खेडे आहे. मेजर आशाराम त्यागी हे त्या खेड्याचे सुपुत्र. १९६५ च्या युद्धात ते जाट रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. २१ सप्टेंबरच्या रात्री या पलटणीने लाहोरच्या रोखाने, इच्छोगिल कालव्याकाठच्या डोगराई गावावर चढाई केली. गोळ्या लागूनही त्यागी आपल्या कंपनीच्या पुढेच राहिले, आणि गाव हाती आले. २३ सप्टेंबरच्या पहाटे शस्त्रसंधी झाली. २५ सप्टेंबरला, म्हणजे तोफा थंडावल्यानंतर दोन दिवसांनी, जखमांनी त्यांचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा सव्वीस होते. त्यांस मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. डोगराई मात्र पुढे ताश्कंद कराराप्रमाणे परत द्यावी लागली.

ही हकीकत ऐकून मराठी वाचक आदराने मान लववील, यात शंका नाही. पण तो मनात म्हणेल, की हे त्या गावचे भूषण. त्याचे स्मरण त्या गावाने करावे, त्यांच्या पलटणीने करावे, सरकारने करावे. आम्हांस आमचे वीर थोडे का आहेत?

या उत्तरात चूक काय आहे हे पाहावयाचे तर फार दूर जावयास नको. गाझियाबाद जिल्ह्यातील लोनी यमुनेच्या या काठी आहे. पलीकडच्या काठी, दिल्लीच्या उत्तरेस, बुराडी आहे. १० जानेवारी १७६० रोजी तेथील घाटावर दत्ताजी शिंदे पडले. दत्ताजींचे नाव काढताच आपला ऊर भरून येतो. त्यांच्या तोंडचे म्हणून सांगितले जाणारे ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे उद्गार शाळकरी मुलांनाही पाठ असतात. आता बुराडीच्या एखाद्या रहिवाशास दत्ताजी ठाऊक नाहीत असे दिसले, की आपण हळहळतो. आपल्याला वाटते, ज्या भूमीवर तो मोहरा खर्ची पडला त्या भूमीला त्याची आठवण असू नये काय? त्या रहिवाशाचे पूर्वज मराठे नव्हते, दत्ताजी त्याच्या भाषेचे नव्हते; तरी केवळ तेथे राहतो म्हणून त्याने त्यांस स्मरावे, असे आपले म्हणणे असते. ते योग्यच आहे. मात्र जो न्याय आपण बुराडीकरास लावतो, तोच फतेहपूरच्या शेजारी राहताना आपल्यालाही लागतो. परक्याकडून स्मरणाची अपेक्षा करावयाची आणि स्वतः मात्र जातगोत पाहून स्मरण वाटावयाचे, हा व्यवहार सरळ नव्हे.

कोणी म्हणेल, स्मरण ही भावनेची गोष्ट आहे. ती कर्तव्याच्या हिशेबात कशी बसणार? आप्ताच्या मरणाने जे काळीज हलते ते परक्याच्या मरणाने हलत नाही, आणि न हलणारे काळीज हलल्याचे सोंग करणे म्हणजे दांभिकपणा. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो शोकास लागू पडतो, स्मरणास नव्हे. शोक मागून मिळत नाही, तो आप्तांचाच अधिकार. स्मरण ही मात्र सवय आहे, शिस्त आहे, म्हणून ते आपल्या हातचे आहे. आपल्या पूर्वजांस हा भेद चांगला ठाऊक होता. तर्पणाच्या वेळी माता, पिता, पितामह यांस नावागोत्राने पाणी देऊन झाले की शेवटी, ज्यांस कोणी आप्त नाही, जे आपले बांधव नव्हते, त्यांच्या नावेही ओंजळभर पाणी सोडावयाचे असते. त्या ओंजळीमागे अश्रू अपेक्षित नाहीत. हात पुढे होणे तेवढे अपेक्षित आहे.

अशा परक्या हाताची ओंजळ आपल्या कोकणासही मिळाली आहे. रायगड जिल्ह्याच्या माणगाव भागातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे शिपाईगडी. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीचे बाकी सारे पडले असता त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर झडप घातली आणि ते ठाणे मोकळे केले. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांस टिपले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही. कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. परंतु २०२३ च्या जुलैत मोंतोने या इटालियन गावाने त्यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारली. त्या गावच्या लोकांचा आणि पळसगावचा संबंध तो काय? भाषा निराळी, धर्म निराळा, आणि मध्ये जवळजवळ ऐंशी वर्षे लोटलेली. एक परदेशी तरुण आपल्या डोंगरात येऊन मेला, एवढ्याच संबंधावर त्यांनी ते केले. त्या सूर्यघटिकेवरील लॅटिन वचनाचा आशयही, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असाच आहे. हाच आमच्या मते शेजारधर्म होय. शेजार केवळ जिवंतांचाच असतो असे नाही. ज्या जमिनीवर आपण राहतो, तेथे जे राहिले असते पण राहू शकले नाहीत, तेही आपले शेजारीच.

येथे दुसरा आक्षेप पुढे येतो आणि तो अधिक टोचणारा आहे. घाडगे ज्या निशाणाखाली लढले ते निशाण परक्या राजाचे होते. त्याच सुमारास, १९४२ पासून, त्याच राज्यसत्तेविरुद्ध आपले लोक तुरुंग भरीत होते, गोळ्या झेलीत होते. मग परक्यांच्या युद्धात, पगारासाठी, मेलेल्यांस वीर कसे म्हणावे? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. मेसोपोटेमियात कूट-अल्-अमाराच्या वेढ्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले, आणि उपासमारीने खंगलेले कित्येक शिपाई कैदेत मेले. हे सारे कोणासाठी? साम्राज्यासाठी. मग त्यांचे ऋण आपल्यावर कसे?

आम्ही स्वतःही पगारासाठी काम करणारी माणसे आहोत. म्हणून पगाराचा टोमणा आम्हांस तरी शोभत नाही. पगार कामाचा असतो. महिन्याकाठी मिळणाऱ्या रुपयांत कोणी आपला जीव विकत नाही. तो जातो तेव्हा हिशेबाच्या बाहेरच जातो. राहिला प्रश्न निशाणाचा. युद्ध न्याय्य की अन्याय्य, याचा जाब ज्यांनी ते पुकारले त्यांस विचारावा. अपशिंग्याच्या शेतकऱ्याच्या पोरास कोणी विचारले नव्हते. त्याच्या मरणाचे स्मरण करणे म्हणजे त्या साम्राज्यास अनुमती देणे नव्हे. उलट, त्या मरणाकडे पाठ फिरविली तर साम्राज्याने त्याच्यावर केलेला अन्याय आपण पुरा केला, असे होईल.

कारण त्या साम्राज्याने त्यांस स्मरणातही पंक्तिप्रपंच दाखविलाच. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी १९२९ साली बसऱ्यास जे स्मारक झाले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली ‘आणखी इतके हिंदी सैनिक’ असे केवळ आकडे लिहिले गेले. आपल्याकडच्या अनेक खेड्यांत बसविलेल्या संगमरवरी शिलांचीही तीच तऱ्हा आहे. या गावातून इतके जण महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्या सांगतात. नाव एकही नाही. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच चौकशी करून जाहीर केले, की पहिल्या महायुद्धात मेलेल्या सुमारे ४५,००० ते ५४,००० हिंदी, आफ्रिकी व इतर सैनिकांचे स्मरण असमान रीतीने झाले. आणि किमान १,१६,००० जणांचे तर नावानिशी झालेच नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. ज्यांच्यासाठी ते उभारले, १९३१ साली खुले केले, त्यांची संख्या सत्तर हजारांवर. स्वतंत्र भारताने ही रीत बदलली, हे समाधान मानले पाहिजे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटवर एकेक करून कोरलेली आहेत.

आता गाझियाबादेतीलच एक अवघड उदाहरण घेऊ. ३० मे १८५७ रोजी हिंडन नदीच्या पुलापाशी, तेव्हाच्या गाझीउद्दीननगरात, मेरठेहून आलेल्या इंग्रजी फौजेची आणि दिल्लीहून आलेल्या क्रांतिकारक सैन्याची गाठ पडली. लढाई इंग्रजांकडे झुकली. सोडून दिलेल्या दारूगोळ्याच्या गाड्यावर कॅप्टन अँड्र्यूज आपल्या माणसांसह धावून गेला, तेव्हा ११ व्या देशी पायदळ पलटणीच्या एका शिपायाने त्या गाड्यातच आपली बंदूक झाडली. अँड्र्यूज गेला, त्याचे काही सोबती गेले, आणि तो शिपाईही गेला. त्या शिपायाच्या छातीची वाखाणणी इंग्रज इतिहासकारांनीही केली आहे. अँड्र्यूजचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण त्याच्या लोकांनी ते लिहून ठेवले. लढाईत पडलेल्या गोऱ्यांच्या कबरी हिंडनकाठी आहेत. शिपायाचे नाव कोणी लिहिले नाही. तो बहुधा गाझियाबादचा नव्हता. पोटासाठी घर सोडून पलटणीत आलेला, म्हणजे आपल्यासारखाच परगावचा.

त्या शिपायाचे ऋण तर उघडच आहे. नाव नसले म्हणून ते फिटत नाही. आपल्या वेशीवरचा वीरगळ तरी कोठे नाव सांगतो? पण अँड्र्यूजचे काय? त्याचा गौरव करणे आपले काम नव्हे. तो ज्यासाठी लढला ते आपल्याला मान्य होणे शक्य नाही. तथापि त्याच्या कबरीचा दगड कोणी उचकटीत असेल, तर तो उचकटू न देणे हे मात्र आपले काम आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. खानास रीतसर मूठमाती देण्यात शिवछत्रपतींना कमीपणा वाटला नाही, असे आपली परंपरा अभिमानाने सांगते. गौरव, स्मरण आणि मृताची अप्रतिष्ठा न करणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. गौरव कार्य पाहून करावा. स्मरण शेजार पाहून करावे. आणि अप्रतिष्ठा कोणाचीच करू नये.

असल्या स्मरणाने युद्धाची खुमखुमी वाढते, असेही काही विचारवंत म्हणतात. ढोल-ताशांच्या स्मरणाने ती वाढते, हे आम्हांस मान्य आहे. ‘अमर रहे’च्या आरोळीत माणूस दिसेनासा होतो, आणि माणूस दिसेनासा झाला की पुढच्या शंभरांस पाठविणे सोपे जाते. नेमके स्मरण याच्या उलट काम करते. वय सव्वीस, शस्त्रसंधीनंतर दोन दिवसांनी मृत्यू, जिंकलेले गाव पुढे परत. एवढे तपशील ज्याच्या मनात राहिले तो युद्धाविषयी हलकेपणाने बोलू शकणार नाही. डोगराई परत गेली म्हणून त्यागी यांचे मरण व्यर्थ झाले काय? बुराडीस पराभव झाला म्हणून दत्ताजींचे झाले काय? यशापयशाच्या तागडीत असल्या मरणांचे वजन करता येत नाही, एवढेच आम्ही म्हणू. ती तागडी राज्यकर्त्यांपुढे धरावी. मृतांपुढे धरू नये.

मग आपण करावयाचे ते काय? आमची सूचना मोठी नाही. ज्या जिल्ह्यात आपण तीन वर्षे, पाच वर्षे काढणार, त्या जिल्ह्यातील रणात पडलेल्या माणसांची नावे माहीत करून घ्यावी. ज्या चौकातून आपली बस जाते त्या चौकास कोणाचे नाव आहे, हे मुलांस सांगता यावे. गणेशोत्सवात आपण व्याख्याते पुण्याहून बोलावतो. एखाद्या वर्षी शेजारच्या गावातील वीरमातेस किंवा वीरपत्नीस सन्मानाने बोलवावे, त्यांच्याकडून त्यांच्या माणसाविषयी ऐकावे, आणि भाषण आपण करू नये. भाषेची अडचण पडेल तेथे शांतपणे बसून राहावे; तेही त्यांस समजते.

आणि एक गोष्ट तर खास आपल्याच हातची आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलावरून कागद जातात: निवृत्तिवेतनाचे, जमिनीच्या वाटपाचे, शाळाप्रवेशाचे, अनुदानाचे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला आपण ध्वजदिनाचे चिमुकले निशाण छातीला लावतो, पेटीत पैसे टाकतो. ते चांगलेच आहे. पण २६ जानेवारीस जिला मांडवात पहिल्या रांगेत बसविले, तिचाच अर्ज २७ तारखेस ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा मारून परत जातो, हेही आपल्या कचेऱ्यांतून घडत असते. त्या अर्जावर गेलेल्या माणसाचे नाव असते, हुद्दा असतो, पलटण असते, मृत्यूची तारीख असते. बसऱ्याच्या स्मारकाने जे कोरले नाही ते सारे त्या एका कागदावर लिहिलेले असते. तो कागद पुरा वाचणे, काय कमी आहे ते तिला हिंदीत समजावून सांगणे, आणि ठरल्या दिवसात तो पुढे पाठविणे, यास कोणी वीरपूजा म्हणणार नाही. परंतु परमुलखात राहणाऱ्या सरकारी नोकराकडून शेजारधर्म म्हणून जे काही मागता येईल, त्यात आम्हांस हेच पहिले वाटते.

गावाकडचा वीरगळ जेथे आहे तेथेच राहील, आणि त्यास शेंदूर लावणारे हातही तेथे आहेत. आपण जेथे राहतो तेथील नावे आपली वाट पाहत आहेत.